रक्ताचे मूळ आणि पुण्यातील एक प्रयोगशाळा

हडपसरला 'सीरम' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय असलेल्या पूनावाला कुटुंबाने १९६६ साली येथे सीरम इन्स्टिट्यूट काढली आणि कालांतराने हा वैद्यकातील शब्द परिसराची खूण, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आणि अनेक घरांची चूल पेटवणारी नोकरी होऊन बसला. शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. रक्त गोठल्यावर गुठळी बाजूला राहते आणि वर जो निवळ द्रव उरतो तो सीरम. घोड्याला धनुर्वाताचे विष सोसेल एवढ्या मात्रेत टोचत गेले की या द्रवात विषाला उतारा ठरणारी द्रव्ये साठतात, आणि तीच माणसाला देता येतात. म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताशी हडपसरचा संबंध साठ वर्षांचा आहे. ज्या पेशी येथे वगळल्या जातात त्या मुळात येतात कोठून, हा प्रश्न मात्र याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात, काही संशोधकांनी आयुष्यभर धरून ठेवला. त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. प्रस्तुत लेख ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न आहे.

आम्ही भाषेचे अध्यापक आहोत. त्यामुळे या विषयाकडे जाण्याची आमची वाट शब्दावरून जाते. 'स्टेम सेल' या संज्ञेला मराठीत मूलपेशी, मूळपेशी, स्कंधपेशी असे पर्याय वापरले जातात. 'स्कंध' म्हणजे झाडाचे खोड. इंग्रजी शब्दाचे ते सरळ भाषांतर झाले. परंतु इंग्रजी शब्द स्वतःच जर्मन 'श्टामत्सेल्ल' या शब्दाचे भाषांतर आहे. तो अर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये वापरला, आणि त्याच्या मनात झाडापेक्षा वंशवृक्ष अधिक होता. जर्मनमध्ये 'श्टाम' म्हणजे खोड आणि 'श्टाम' म्हणजे कूळही. सर्व बहुपेशीय जीव ज्या एकपेशीय पूर्वजापासून आले, त्या पूर्वजाला हेकेलने हे नाव दिले. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणारे ज्याला 'मूळपुरुष' म्हणतात, नेमकी तीच ही कल्पना. तेव्हा 'मूळपेशी' हा शब्द इंग्रजी 'स्टेम'चे चुकीचे भाषांतर आहे अशी जी तक्रार अधूनमधून ऐकू येते, तिच्यात तथ्य नाही. इंग्रजीला वळसा घालून तो शब्द मूळ जर्मन अर्थाच्या अधिक जवळ पोहोचला आहे. फक्त पेशी हा शब्द आपल्याकडे स्त्रीलिंगी असल्याने मूळपुरुषाऐवजी येथे आदिमाता म्हणावी लागेल, एवढेच.

रक्ताचा वंशवृक्ष शोधण्यास ज्या वर्षी प्रारंभ झाला तेही १८६८ हेच वर्ष. क्योनिग्सबर्ग येथे अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत पाव्हिया येथे ज्युलिओ बिझोझेरो यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की रक्त तयार होते ते हाडांच्या पोकळीतील मगजात, अर्थात अस्थिमज्जेत. तोपर्यंत मज्जा ही हाडातली निरुपयोगी चरबी समजली जात असे. प्रौढ माणसाच्या शरीरात दर दिवशी सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने घडतात आणि प्रत्येक पेशी साधारणपणे १२० दिवसांनी मोडीत निघते, हे लक्षात घेतले म्हणजे या कारखान्याचा आवाका ध्यानात येतो. १९०९ मध्ये अलेक्झांडर मॅक्सिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने बर्लिन येथील व्याख्यानात असे मत मांडले की तांबड्या, पांढऱ्या अशा सर्व रक्तपेशींची आई एकच आहे. मत बरोबर होते. परंतु ते सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ती पेशी इतर पेशींसारखीच दिसते. तिची ओळख रूपावरून पटत नाही, तिच्या संततीवरूनच पटते. संतती मोजायची कशी, हा प्रश्न पुढील पन्नास वर्षे अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर ज्या मार्गाने आले तो मार्ग दुःखद आहे. १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे स्फोटातून वाचलेली अनेक माणसे काही आठवड्यांनी रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन मरण पावली. किरणोत्साराने त्यांची मज्जा जळून गेली होती. त्या मृत्यूंच्या छायेत अण्वस्त्रांपासून संरक्षण शोधणारे संशोधन सुरू झाले. १९४९ मध्ये जेकबसन यांनी दाखवले की उंदराची प्लीहा शिशाने झाकून त्याला किरणोत्सार दिला तर तो जगतो. १९५१ मध्ये लॉरेन्झ आणि सहकाऱ्यांना आढळले की निरोगी प्राण्याची मज्जा शिरेतून दिली तरी प्राण वाचतात. पुढे १९६१ मध्ये टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी किरणोत्सारित उंदरांना मोजून मज्जापेशी टोचल्या आणि सुमारे दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ असा हिशोब निघाला. १९६३ मध्ये हेही दाखवता आले की एक गाठ ही एकाच पेशीची संतती असते. मॅक्सिमोव्हची आदिमाता अशा रीतीने मोजणीत आली. टिल हे भौतिकीतून आलेले आणि मॅकलॉक वैद्य. एकाला मोजणे ठाऊक होते आणि दुसऱ्याला काय मोजावे हे ठाऊक होते.

या इतिहासातील आणखी एक शब्द नोंदवण्याजोगा आहे. १९७८ मध्ये रे स्कोफील्ड यांनी असा तर्क मांडला की मूळपेशीचे मूळपेशीपण केवळ तिच्या अंगी नसते. मज्जेत ती ज्या जागी वसते त्या जागेवरही ते अवलंबून असते. त्या जागेला त्यांनी 'निश' म्हटले. भिंतीत मूर्ती किंवा पणती ठेवण्यासाठी जी पोकळी सोडतात ती निश. मराठी वाचकाला यासाठी शब्दकोश उघडण्याची गरज नाही; आपल्या जुन्या घरांतून कोनाडा आणि देवळी दोन्ही होते. पणती कोनाड्यात असते तोवर वाऱ्यापासून सुरक्षित राहते, बाहेर काढली की विझते. मूळपेशी कोनाड्यात असते तोवर ती मूळपेशी राहते. बाहेर पडली की तांबडी किंवा पांढरी पेशी होण्याच्या वाटेला लागते. ही उपमा पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रात हे ज्ञान प्रथम रुग्णाच्या खाटेपाशी आले. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५०च्या दशकात मज्जा प्रत्यारोपणाचे प्रयत्न आरंभिले होते. त्यांना १९९०चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिअ‍ॅटल येथील केंद्रात शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केले. प्रयोगशाळेतील मूलभूत संशोधनाला पुण्यात घर मिळाले ते त्यानंतर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुण्यात पेशींचे संवर्धन, जतन आणि देशभरातील प्रयोगशाळांना त्यांचा पुरवठा करणारी संस्था उभारली. तीच आजची राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, अर्थात एनसीसीएस. डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांचे रक्तमूळपेशींवरील दीर्घ संशोधन या संस्थेत झाले. दोघींची नावे अनेक निबंधांवर एकत्र आढळतात. त्यांच्या कामाचा इतिहास म्हणजे एका प्रश्नातून दुसरा प्रश्न कसा निघतो याचा इतिहास आहे.

पहिला प्रश्न अगदी व्यावहारिक होता : मज्जा गोठवून ठेवायची कशी? काही कर्करोगांत रुग्णाची स्वतःची मज्जा आधी काढून ठेवतात, मग तीव्र औषधे देतात आणि नंतर ती मज्जा त्याला परत करतात. मधल्या काळात ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवावी लागते. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन तिचे आवरण फाटते. ते टाळण्यासाठी डीएमएसओ नावाचे द्रव्य घालतात. तरीही वितळल्यावर बऱ्याच पेशी मरतात, आणि ज्या जगतात त्यांतील कित्येक दुबळ्या झालेल्या असतात. दहा हजारांत एक असणारी पेशी अशी वाया जाणे परवडणारे नाही. डॉ. लिमये यांनी १९९७ मध्ये 'स्टेम सेल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा रोख असा होता की अपाय केवळ बर्फाने होत नाही, गोठण्या-वितळण्याच्या धक्क्यात निर्माण होणाऱ्या दाहक ऑक्सिजनयुक्त द्रव्यांनीही होतो. म्हणून गोठवण्याच्या द्रावणात त्यांना आवर घालणारी द्रव्ये मिसळल्यास अधिक पेशी वाचतात. २००१ मध्ये काळे व लिमये यांनी मानवी रक्तपेशींवरील असे काम एकत्रितपणे प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी दोन द्रव्यांच्या जोडीवर लक्ष केंद्रित केले. एक कॅटलेज, हायड्रोजन पेरॉक्साइडची वासलात लावणारे विकर. दुसरी ट्रेहॅलोज, यीस्टसारख्या जीवांना सुकल्यावरही तग धरण्यास साहाय्य करणारी शर्करा.

या कामातील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग २००५च्या निबंधात आहे. पेशी 'जिवंत' आहे की नाही हे रंगद्रव्य टाकून सांगता येते. पण रुग्णाच्या शिरेतून आत गेलेल्या पेशीला रक्तप्रवाहातून हाडापर्यंतची वाट शोधावी लागते, मज्जेत शिरून तेथे चिकटून राहावे लागते. म्हणजे आपला कोनाडा गाठावा लागतो. तेव्हा गोठवलेली पेशी चालू शकते का, चिकटू शकते का, हे या संशोधकांनी तपासले आणि त्या जोडद्रव्याने हे गुणही अधिक टिकतात असे दाखवले. केवळ जिवंत असणे आणि आपले काम करण्यास समर्थ असणे यांत भेद आहे, हा विचार येथे प्रयोगाच्या पातळीवर आलेला दिसतो.

दुसरा प्रश्न सिद्धान्ताचा होता. टीजीएफ बीटा-१ हे शरीरातीलच एक प्रथिन. रक्तनिर्मितीला ते रोखते असे सर्वसाधारणपणे मानले जाई. काही प्रयोगांत मात्र तेच प्रथिन उलट परिणाम करताना आढळे. डॉ. काळे यांनी २००४ मध्ये एकटीच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विसंगतीची उकल मात्रेत शोधली. अल्प मात्रेत हे प्रथिन वाढीला चालना देते आणि अधिक मात्रेत ती थांबवते. आणि याचे कारण असे की दोन मात्रांना पेशीच्या आत दोन वेगळ्या संदेशवाटा उघडतात. आयुर्वेदाच्या देशात मात्रेचे महत्त्व सांगणे नवे नाही, असे कोणी म्हणेल. परंतु 'मात्रेवर अवलंबून असते' असे म्हणून थांबणे वेगळे, आणि ती मात्रा पेशीला कशी कळते हे दाखवणे वेगळे. शास्त्राचे काम या दुसऱ्या पायरीवर सुरू होते.

तिसरा टप्पा नाळेतील रक्ताचा. १९८८ मध्ये पॅरिस येथे एलियान ग्लुकमन यांनी एका मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताने पहिले प्रत्यारोपण केले. तोवर बाळंतपणानंतर फेकून दिले जाणारे हे रक्त मूळपेशींचे भांडार ठरले. अडचण एवढीच की एका नाळेत रक्त थोडे, आणि प्रौढ रुग्णाला ते पुरत नाही. शिवाय प्रत्यारोपणानंतर रक्त थोपवणाऱ्या बिंबाणू पेशी उशिरा तयार होतात. म्हणून या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतील का, हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला. पुण्याच्या गटाने २०११ मध्ये माशांच्या तेलातील डीएचए आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल या दोन स्निग्धाम्लांच्या साहाय्याने बिंबाणूंच्या जननी पेशी अधिक संख्येने वाढवता येतात असे दाखवले. महागडी वृद्धिद्रव्ये बाहेरून आणावी लागणाऱ्या देशात साध्या आहारद्रव्यांकडे वळण्यामागे एक व्यावहारिक शहाणपण दिसते.

चौथा टप्पा वार्धक्याचा, आणि येथे कोनाड्याची उपमा पुन्हा भेटते. म्हाताऱ्या प्राण्याच्या मूळपेशी संख्येने कमी नसतात, पण कामात मंदावलेल्या असतात. हे म्हातारपण पेशीचे की कोनाड्याचे? २०१८ मध्ये डॉ. काळे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध सांगतो की मज्जेतील आधारपेशी आपल्या आवरणाच्या सूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात आणि त्यांतून मूळपेशींना निरोप पोहोचतो. म्हाताऱ्या आधारपेशींच्या पुड्यांतून मूळपेशींकडे वार्धक्य जाते. तरुण आधारपेशींच्या पुड्या दिल्यास म्हाताऱ्या मूळपेशी पुन्हा कार्यक्षम होतात. त्यामागील एक कारण असे की पेशीने आपल्यातील टाकाऊ भाग स्वतःच पचवून टाकण्याची जी क्रिया असते, तिला या निरोपांमुळे चालना मिळते किंवा खीळ बसते. हे सारे उंदरांत दिसले आहे, हे विसरता कामा नये. तरीही वार्धक्य हा एकट्या पेशीचा दोष नसून शेजाराचाही परिणाम आहे, ही दृष्टी महत्त्वाची आहे. एनसीसीएसनंतर डॉ. काळे यांनी लवळे येथील सिंबायोसिसच्या मूळपेशी संशोधन केंद्रात याच दिशेने काम केले.

आता हे सारे मराठीत लिहिण्याची निकड काय, असे कोणी विचारील. निकड आहे, आणि ती केवळ भाषाभिमानाची नाही. २००० नंतरच्या दशकात 'स्टेम सेल' हा शब्द पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचला तो संशोधनाच्या मार्गाने नव्हे; प्रसूतिगृहात मिळणाऱ्या रंगीत पत्रकांच्या मार्गाने. बाळाची नाळ गोठवून ठेवा, पुढे त्याच्याच उपयोगी पडेल, असा तो संदेश होता आणि हप्त्यांची सोयही होती. हडपसर-मगरपट्टा परिसरात नव्याने स्थायिक झालेल्या तरुण जोडप्यांपुढे ही पत्रके आम्ही पाहिली आहेत. दुसरीकडे मेंदूचे, मणक्याचे, मधुमेहाचे असे नाना विकार मूळपेशींनी बरे करू म्हणणारेही निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांच्या शीर्षकात 'संशोधन आणि उपचार' असे दोन शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द मुद्दाम गाळण्यात आला, कारण रक्ताच्या विकारांतील प्रत्यारोपण सोडल्यास बाकी बहुतेक सारे अद्याप प्रयोगावस्थेत होते. एका शब्दाच्या गाळण्याला एवढा अर्थ असल्याचे उदाहरण आम्हाला साहित्यातही सहज सापडणार नाही. २०१७ च्या आवृत्तीने तर स्पष्टच सांगितले की बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेचे रक्त जपण्यास शास्त्रीय आधार नाही. थॅलसेमियासारखा आनुवंशिक दोष असेल तर तो त्या रक्तातही असणारच, हे साधे कारणही पत्रकात नसते.

याचा अर्थ विषयच फसवा आहे असा नव्हे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तमूळपेशी काढून, त्यांतील जनुकाचे संपादन करून त्या परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत गडचिरोलीच्या रुग्णाच्या कल्पनेपलीकडची आहे. तो कधी स्वस्त व्हायचा असेल तर या पेशी काढणे, गोठवणे, जगवणे, वाढवणे आणि कोनाड्यापर्यंत पोहोचवणे या प्रत्येक पायरीचे ज्ञान येथे असावे लागेल. पुण्यातील प्रयोगशाळेने ज्या पायऱ्यांवर दशके घालवली त्या नेमक्या याच आहेत.

मराठीतील शास्त्रज्ञ स्त्रियांच्या चरित्रांकडे पाहिले असता एक गोष्ट जाणवते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये निवर्तल्या. त्यांचे आयुष्य आपण पुनःपुन्हा लिहिले. कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत प्रवेश देण्यास रामन यांनी केलेला विरोध प्रत्येक लेखात येतो. त्यांनी पुढे कडधान्यांवर आणि नीरेवर केलेले काम दोन ओळींत उरकले जाते. बंद दार उघडण्याचा प्रसंग आपल्याला आकर्षक वाटतो, दार उघडल्यावर आतल्या खोलीत बसून झालेले काम मात्र आपण वाचत नाही. हे बदलण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. निबंधाचा सारांश सावकाश वाचण्याची तयारी, शेजारच्या विज्ञानशाखेतील सहकाऱ्याला प्रश्न विचारण्याची सवय आणि 'कोनाडा'सारखा शब्द आपल्याकडे आहे याची आठवण, एवढे पुरते. ज्या वाचकांनी स्वतः अशा प्रयोगशाळांतून काम केले आहे त्यांनी आपले अनुभव मराठीत लिहावेत. त्या पत्रकांना पुरेसे उत्तर त्यातूनच मिळेल.